जवसाचा पत्रा

निर्मल, तुझ्या आईने त्या पुडक्याच्या वाती वळल्या.

ते चंदेरी पिशवीतलं पुडकं. जवसाच्या धाग्यांची गादी हवाबंद करून तू घरी कपाटात ठेवली होतीस, माझ्यासाठी, आपलं भांडण एकदाचं मिटवायला. तू गेल्यावर मला तुझ्या घरी यायचा धीर होत नव्हता आणि पुडकं तर डोक्यातून जात नव्हतं. ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे जाऊन 'कपाटातलं एक पुडकं हवं होतं' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं, याच विचारात मी दिवस घालवले. शेवटी आले, तर तुझ्या फोटोपुढे दिवा होता, तेरवीपर्यंत तो विझू द्यायचा नाही म्हणून आई शेजारीच बसून होत्या, आणि त्यांच्यापुढच्या ताटलीत वाती होत्या. पिवळसर, थोड्या राठ. कापसाची वात अशी नसते.

"चांदीच्या कागदात ठेवलं होतं वं तिनं," आई म्हणाल्या. "एवढं जपून ठेवलं म्हणजे देवाधर्माचंच असन, मले वाटलं. तिच्या हातचं आहे, तिच्याच दिव्याले लावून राहिली."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आपला एकमेव पुरावा तुझ्या फोटोपुढे जळत होता आणि छान जळत होता. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला हसू आलं नाही. मला गजूभाऊंची ई-रिक्षा दिसत होती, तिच्यातली शाळेची पोरं, आणि त्यांच्या पाठीमागचा तू बसवलेला तो पत्रा.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. घरून निघाल्यावर गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत जाते. प्रयोगशाळेतला पंप बंद करून आपण जिना उतरलो की मी थांबायचे, आणि मी काही बोलायच्या आधीच तू म्हणायचीस, "बंद केला, बंद केला, तुह्या डोळ्यापुढं केला. काहून एवढी घाबरून राहिली वं?" मग मी परत वर जायचेच, आणि तू खाली उन्हात उभी राहायचीस. एकदाही पुढे निघून गेली नाहीस. आता मी वर जाऊन पाहून येते तेव्हा खाली कुणी नसतं, आणि मग मला अजून एकदा वर जावंसं वाटतं.

किती वर्षं आपण प्रयोगशाळेतल्या चेंबरच्या त्या एका काचेतून आत पाहिलं! विद्यार्थ्यांना तू ज्या पद्धतीने समजावायचीस ते मला कधी जमलं नाही. मी अणू-रेणूंपासून सुरुवात करायचे आणि पोरं फळ्याकडे बघत मनाने कँटीनमध्ये पोचायची. तू त्यांना जवसाचा धागा दाखवायचीस. हा धागा जन्मतःच मेणचट असतो, म्हणायचीस. त्याच्यावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा डिंकासारखा द्रव, ओतलं तर ते तेलकट कढईवरच्या पाण्यासारखं नुसतं पळतं, धाग्याला धरत नाही. मग अशा धाग्यांचा पत्रा केला तर वाकवल्याबरोबर रेझिन एकीकडे आणि धागे दुसरीकडे. म्हणून धागा आधी धुवायचा. तुझ्या उमरेडच्या घरी तुझे आजोबा मागावर चढवायच्या आधी सूत धुवायचे, तसंच. "फक्त हे धुणं पाण्यानं नाही, उजेडानं करतो आपण," असं म्हणून तू बटण दाबायचीस. पंपाने चेंबरमधली हवा ओढून घेतलेली असायची, किंचित ऑक्सिजन सोडलेला असायचा, आणि विजेने आत तो जांभळट उजेड पेटायचा. सगळी पोरं काचेवर नाक लावायची. पोरंच कशाला, मीही.

बाहेर काढलेल्या गादीवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, ही आपली परीक्षा. आधी तो थेंब मोत्यासारखा वर बसून राहायचा, आणि उजेड खाऊन आलेल्या धाग्यावर टाकला की क्षणात आत गडप. जे पाण्याला आत घेतं ते रेझिनलाही घेतं. मोठी यंत्रं नंतर, आधी थेंब. त्या थेंबाने तुझा चेहरा दरवेळी असा उजळायचा की जणू पहिल्यांदाच पाहते आहेस.

आणि दरवेळी मी तुला म्हणायचे, टोपी घाल. तुझे ते लांब केस, त्यांना चापून तेल, आणि गळत तर असे की चहाच्या कपातसुद्धा सापडायचे. धाग्याला नुसतं बोट लागलं तरी बोटाचं तेल लागतं म्हणून आपण हातमोजे घालायचो, आणि तू मात्र डोकं उघडं ठेवून त्याच्यावर वाकायचीस. माझ्या टोपीसारखीच कापडाची टोपी मी तुझ्यासाठी शिवून आणली. ती तू पंपाला घातलीस. "त्याले थंडी वाजून राहिली," म्हणालीस.

पण हे लुटुपुटीचं भांडण. खरं भांडण दुसरं होतं, आणि ते अर्ध्यावर टाकून तू गेलीस.

धुतलेला धागा कायम धुतलेला राहत नाही. जांभळ्या उजेडाने आलेला गुण हळूहळू उतरतो, हवा लागते, धूळ बसते, धागा परत पहिल्यासारखा होऊ लागतो. किती दिवसांत, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. माझा नियम असा की गादी चेंबरमधून निघाली की त्याच दिवशी रेझिनमध्ये गेली पाहिजे, उद्यावर काही ठेवायचं नाही. तू म्हणायचीस, कोरडी ठेवली, हवाबंद ठेवली, तर कितीतरी दिवस काही होत नाही. "घरच्या पापडाले ठेवतो ना आपण डब्यात, तसं." मी म्हणायचे, पापड खराब निघाला तर कुणाची पाठ मोडत नाही.

तुझंही खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. धागा जर त्याच दिवशी वापरावा लागणार असेल तर आपल्या या कामाचा शेतकऱ्याला उपयोग काय? माझ्या माहेरी सावनेरला जवस झाला की दाणा घरात येतो आणि काड्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पेटवून देतात. त्या काड्यांतून धागा निघावा, तो कुठेतरी धुवून ठेवता यावा, पिशव्या भरून दुसऱ्या गावच्या कारखान्यात जावा, असं तुझ्या मनात होतं. मला नुसता प्रयोग नीट व्हायला हवा होता आणि तुला तो खोलीबाहेर न्यायचा होता. म्हणून तर तू गजूभाऊ शोधून काढलेस.

गजूभाऊ तुमच्या गल्लीत राहतात, ई-रिक्षातून शाळेची पोरं ने-आण करतात. नागपूरच्या उन्हात रिक्षातल्या मागच्या बाकाची टिनाची पाठ अशी तापायची की पोरं टेकायची नाहीत, वाकून बसायची, आणि गतिरोधक आला की एकमेकांवर आदळायची. तू ते पाहिलंस आणि ठरवून टाकलंस, की टिन काढून आपला पत्रा लावायचा. मलाही आवडलं होतं ते. पण पंप दुरुस्तीला जाणार म्हणून आधीच धुवून ठेवलेल्या गाद्या कितीतरी दिवस तुझ्या चंदेरी पिशव्यांत पडून होत्या. मी लग्नाला सावनेरला गेले, आणि परत येते तर तू त्याच गाद्यांचा पत्रा ओतून, दाबून, कापून रिक्षात बसवूनही आली होतीस.

मी तुला काय काय बोलले! पोरांची पाठ म्हणजे तुझी प्रयोगाची फळी आहे का, असंही बोलले. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "मी सोता टेकून पाहिलं, उड्या मारून पाहिलं. तुह्याएवढी हलकी नाही मी."

त्यानंतर आपण बोलत होतो, पण तुटक. आणि मग तुझा तो फोन आला. ताप आहे, उद्या येत नाही म्हणालीस. "पण घरी ये तू. त्याच वेळची एक गादी ठेवली आहे मी बांधून. तुह्या हातानं थेंब टाक. आत गेला तर तू मले गांधीबागेतून साडी घेऊन द्यायची. वर राहिला तर मी जाऊन पत्रा काढून आणते. मंजूर?" मी मंजूर म्हटलं. ताप उतरू दे, मग येते, म्हटलं. ताप उतरलाच नाही.

म्हणून मी त्या दिवशी तुझ्या घरी दिव्याकडे बघत बसले होते. ताटलीच्या बाजूला पिशवीत थोडासा धागा उरला होता, वळायचा राहिलेला. घरात बायका जमल्या होत्या. दिव्याखाली पीठ पसरून टोपलं झाकलेलं, ते उचलायचं होतं. टोपलं उचललं, तशा सगळ्या वाकल्या. एकीला पिठात पाखराचं पाऊल दिसलं, दुसरीला वेलीसारखं काही. गेलेलं माणूस कोणत्या रूपात गेलं ते त्या शोधत होत्या, आणि आई प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळ्यांचं लक्ष तिकडे असताना मी पिशवीतला धागा हातरुमालावर घेतला आणि तांब्यातल्या पाण्याचा एक थेंब बोटावरून त्याच्यावर सोडला.

थेंब वर राहिला.

मी बघत राहिले. जाईल, आता जाईल. तो गेला नाही. गोल, चकचकीत, दिव्याचा उजेड पोटात घेऊन बसून राहिला. पिठात तुझं पाऊल शोधणाऱ्या बायकांमध्ये बसून मी तुझी चूक हातात धरली होती. तू गेलीस त्याचं दुःख मला होतंच गं, पण त्या क्षणी मला त्याहून जास्त भीती वाटली, आणि भीती वाटली याची लाज वाटली.

मग आईंनी हात पुढे केला. "दे, तेवढीही वळून टाकते," म्हणाल्या. त्यांची बोटं तुपाने माखलेली होती. वाती वळायला त्या तूप लावून बसल्या होत्या, आणि पिशवीतला सगळा धागा त्यांनी त्याच हातांनी चाचपला, विंचरला, वेगळा केला होता. म्हणजे थेंब तुपावर बसला होता. त्याने ना तुझ्या बाजूने साक्ष दिली, ना माझ्या. मी तो धागा त्यांच्या हातात दिला. तेवढाही दिव्यात गेला.

आता एकच मार्ग उरला होता आणि तोच मला नको होता. पत्रा काढून आणायचा, कापायचा, यंत्रावर वाकवून मोडायचा. तू तुझ्या हाताने केलेली शेवटची वस्तू ती. तुझ्या घरी तुझ्या साड्या आहेत, चष्मा आहे, पण तू केलेलं असं जगात एवढंच. मी स्वतःलाच फसवू लागले. इतके दिवस काही झालं नाही, म्हणजे चांगलाच असेल. मग रस्त्याने कोणतीही ई-रिक्षा गेली की मी तिच्या मागच्या बाकाकडे बघायचे. गतिरोधकाजवळ उभी राहून बघायचे. एकदा तर पोरांनी भरलेल्या एका अनोळखी रिक्षामागे मी स्कूटर लावली, पार मेडिकल चौकापर्यंत. तो रिक्षावाला वळून वळून बघत होता.

तेरवीला गजूभाऊ आले होते. जेवणं झाल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि पत्रा काढून द्या म्हटलं.

"काहून म्याडम? त्याले काहीच नाही झालं," ते म्हणाले. "पोरं मस्त टेकून बसतात. मी तर सगळ्याइले सांगतो, जवसाचा पत्रा आहे हा, आमच्या निर्मल म्याडमचा."

"मला तपासायचा आहे, भाऊ."

"मंग आणून देता ना परत?"

ते माझ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "तुमाले डर लागून राहिला का?"

"हो," मी म्हटलं. "खूप."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रा कॉलेजात आणून दिला आणि रिक्षात परत टिन लावलं. जाताना एवढंच म्हणाले, की ऊन वाढून राहिलं आहे, लवकर करा.

पत्रा टेबलावर ठेवून मी बसले. पोरांच्या पाठी घासून मधोमध तो गुळगुळीत झाला होता. एका कोपऱ्यात कुणीतरी खिळ्याने फूल कोरलं होतं. कड तू कानशीने घासलेली, एका बाजूला जरा जास्तच, कारण तुला कधी सरळ घासता आलं नाही. मी हात फिरवला. मोजे न घालता. आता कोण ओरडणार होतं?

कोपरा कापून भागलं असतं तर बरं झालं असतं. पण पोरं टेकतात मध्ये, म्हणून मधलीच पट्टी कापली. करवतीचा आवाज मला सहन होईना, तरी कापली. यंत्रावर आडवी ठेवली, वरून दाब देणं सुरू केलं. पट्टी वाकली. अजून वाकली. मी काय मागत होते ते मलाच कळत नव्हतं. सहज मोडली तर माझी भीती खरी आणि पोरं वाचली. मोडली नाही तर तू खरी. मी बहुतेक तूच खरी ठरावीस असं मागत होते. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी भांडण हरायला मी एवढी उतावीळ होते. पट्टी वाकतच गेली, आपण ठरवलेल्या दाबाच्या पुढे गेली, आणि मग एकदम काड्कन वाजली.

दोन तुकडे घेऊन मी खिडकीपाशी आले, भिंग डोळ्याला लावलं. रेझिनने धागा धरला नसेल तर काय दिसतं हे मला पाठ आहे. धागे न तुटता लांबच्या लांब उपसून बाहेर येतात, स्वच्छ, मुळासकट काढलेल्या गवतासारखे, आणि त्यांच्या जागी भोकं उरतात. मी तेच शोधत होते. ते नव्हतं. धागे आखूड तुटलेले होते, दातांनी तोडल्यासारखे, आणि प्रत्येकाच्या टोकाला रेझिन घट्ट चिकटलेलं. मी दुसरी पट्टी कापून मोडली. तिसरी मोडली. तसंच. धाग्याने शेवटपर्यंत हात सोडला नव्हता. ज्या गाद्या मी शिळ्या म्हटल्या, त्यांनीच.

साडी लागली तुला, निर्मल. मी मोठ्याने म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं, पंपावर ती टोपी होती.

हे कळायला मला तुझं काम मोडावं लागलं. गजूभाऊंना पत्रा परत द्यायचा होता आणि टेबलावर तुकडे पडले होते. तुझ्या आयुष्यभराच्या 'काही होत नाही'वर माझा विश्वास असता, तर तो पत्रा आज पोरांच्या पाठीमागे असता. पण मग मी रोज रिक्षांच्या मागे धावले असते. मी अशीच आहे गं. तुझा शब्द मला पुरला नाही, आणि तू आता दुसरा देऊ शकत नाहीस.

आवरायला म्हणून तुकडे उचलले, तेव्हा तिसऱ्या पट्टीच्या मोडलेल्या टोकातून काहीतरी लोंबताना दिसलं. निघालाच शेवटी एक सुटा धागा. चिमट्यात धरून ओढला, तर तो सुळकन बाहेर आला, काहीच अडकलं नाही, रेझिनचा कणही त्याला चिकटलेला नाही. लांबच लांब. अर्धा काळा, अर्धा पांढरा.

तो धागा नव्हता, निर्मल. तुझा केस होता. तेल लावलेला.

मग मात्र मी खाली बसले आणि रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, भीती बाजूला ठेवून रडले. हसलेही असेन. टोपी घाल म्हणून वर्षानुवर्षं तुझ्यामागे लागले होते. त्या भांडणात मी जिंकले बाई, पुरावा माझ्या चिमट्यात होता. तू ऐकलं असतंस, तर आज माझ्या हाती काय आलं असतं?

गजूभाऊंसाठी नवा पत्रा मी करायला घेतला आहे. गाद्या काल चेंबरमधून काढल्या, थेंब टाकला, आत गेला. त्याच दिवशी ओतायच्या नाहीत असं ठरवून तुझ्या चंदेरी पिशवीत बंद करून ठेवल्या. रात्रभर झोप लागली नाही. आज ओतेन. उद्या त्याच्यावर स्वतः टेकून बघेन, उड्या मारून बघेन, आणि तरीही पहिले काही दिवस त्या रिक्षामागे स्कूटरवर मी असेनच.

ओतताना माझ्या डोक्यावरची टोपी काढून ठेवणार आहे.